लंगड्या लांडग्याचा नंबर शेवटचा

प्रिय तेल्मो,

तुला एतेल्विना नावाची एक आजी आहे. बुटकी, काळ्या कपड्यांतली, हनुवटीवर तीळ असलेली. आठवली का? नसेल आठवली तर सावकाश आठव, घाई नाही. आपल्या दोघांत गाठ आहे ती माझ्या डोक्यात आणि विसरायचं काम मात्र तू अंगावर घेतलं आहेस, एवढंच मला नवल वाटतं. मेटल गाण्यांची जत्रा होऊन गेली. तुमच्या त्या लांब केसांच्या फौजेने तंबू ठोकले होते त्या शेतातलं गवत अजून उठून बसलेलं नाही. जत्रेनंतरच्या रविवारी आपण दोघांनी स्वयंपाकघरात बसायचं, या शतकातल्या मेटलच्या अल्बमांचे नंबर लावायचे, त्यावरून भांडायचं, आणि ज्याचं बोलणं आधी संपेल त्यानं सुपाचा हंडा घासायचा, हा आपला नेम. तू स्वित्झर्लंडला गेल्यावर फोनवर भांडलो, पण नेम मोडला नाही. यंदा मी फोन मांडीवर घेऊन बसले. तो काही वाजला नाही. शेवटी हंडा मीच घासला. न खेळताच हरलेली बाई मी पहिलीच असेन.

म्हणून हे पत्र. मी सांगते आहे आणि शेजारची दियोलिंदा लिहिते आहे. जन्मभर लोकांच्या कपड्यांना टाके घातले तिने, आता माझ्या बोलण्याला घालते. ‘मेटल’ लिहायची वेळ आली की हात थांबवून छातीवर क्रूस काढते, त्यामुळे गाडी हळू चालली आहे. मी म्हटलं, “बाई, एकदाच काय तो मोठा क्रूस काढ आणि सगळ्या पत्राला पुरव.” तर म्हणते, “एतेल्विना, ऑपरेशन तोंडावर आलंय आणि तुला सैतानाच्या गाण्यांचे नंबर लावायचे सुचतात?” आता हिला काय सांगू? दुसरं काहीही मनात आणलं की ते ऑपरेशनच समोर येतं. नंबर लावत असले म्हणजे तेवढा वेळ तरी येत नाही.

तुझ्या आईने तुला सगळं सांगितलंच असेल, पण रडत रडत सांगितलं असणार, म्हणजे निम्मं नाकात गेलं असणार. तर ऐक. डोक्यात डाव्या बाजूला अक्रोडाएवढी गाठ आहे आणि ती बोलण्याच्या जागेला अगदी खेटून बसली आहे. ठेवली तर वाढेल आणि ती जागा गिळेल. काढताना हात जरा इकडचा तिकडे झाला तर ती जागा गाठीबरोबर जाईल. म्हणून द्राक्षतोडणी आटोपली की पोर्तोच्या इस्पितळात मला जागी ठेवून डोकं उघडणार आहेत. मी बोलत राहायचं आणि त्यांनी कापत राहायचं. माझी जीभ अडखळली की त्यांनी तिथेच थांबायचं. मोठा डॉक्टर म्हणाला, “दुखत नाही हो, आजीबाई.” मी विचारलं, “तुमचं कधी उघडलं होतं?” तो हसला. मला हसू आलं नाही.

हे सगळं कळलं कसं, ते तुला तुझ्या आईनेही सांगितलं नसेल, कारण मी तिलाच सांगितलेलं नाही. जत्रेचा दुसरा दिवस होता. भर दुपार. मी नेहमीसारखी हंड्यामागे उभी, हातात पळी, समोर ही एवढी रांग. काळे शर्ट, कवट्या, साखळ्या, आणि प्रत्येकाचं “आजी, मला सॉसेजचा तुकडा जास्त टाक ना.” एका दाढीवाल्याला मला सांगायचं होतं, वाडगा पुढे कर. तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. शब्द नव्हताच तो. नुसता खडखडाट, दगड उताराला लागल्यासारखा. मी पुन्हा सांगू गेले, पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. मला आतून सगळं स्वच्छ कळत होतं, तेल्मो. वाडगा कळत होता, दाढी कळत होती. फक्त तोंड माझं नव्हतं. आणि रांगेने काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, सूपवाली आजी घसा फाडून गाते आहे. दोन बोटांची शिंगं करून सगळी पोरं माझ्याबरोबर तेच ओरडायला लागली, “आणखी, आजी, आणखी!” मी पळी धरून उभी होते आणि पोरं नाचत होती. जगात दुसऱ्या कुठल्याही रांगेत उभी असते तर कोणीतरी खुर्ची आणली असती. ते थोड्या वेळाने आपोआप गेलं. पहिला शब्द परत आला तो ‘मीठ’. मी “मीठ, मीठ” म्हणत राहिले, तो पुन्हा निसटू नये म्हणून. त्यावरही टाळ्या पडल्या.

तेव्हापासून मी सकाळी उठले की आधी घरातल्या वस्तूंना हाका मारते. चूल, चिमटा, खिडकी, कोंबडी. हजेरी घेते म्हण ना. दियोलिंदा म्हणते, “घाबरू नकोस, मला तरी कुठे चष्म्याचं नाव आठवतं कधीकधी?” तिचं ठीक आहे. तिला अक्षरं येतात. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याची भाषा दोन घरांत ठेवलेली असते, एक घर जळलं तर दुसऱ्यात जाऊन राहता येतं. मी शेळ्यांमागे वाढले. माझं सगळं सामान एकाच घरात आहे आणि गाठ नेमकी त्याच घराच्या भिंतीला लागून बसली आहे. हे मी कोणापाशी बोलले नव्हते. आता दियोलिंदाला कळलं. लिही ग बाई, डोळे काय पुसतेस, शाई फुटेल.

तर नंबर. आधीच सांगते, फक्त या शतकातलेच धरले आहेत. मागच्या शतकात मी शेळ्याच ऐकल्या, त्यांचे नंबर वेगळे लावावे लागतील.

फिनलंडवाल्यांचा तो, गोठलेल्या तळ्यात अडकलेल्या होडीचं चित्र असलेला, यंदा सहावा. बटाटे सोलायला बरा आहे, पण त्यातली माणसं फार रडतात. एवढी थंडी असेल तर एखादं घोंगडं घ्यावं, गाणं कसलं म्हणता? त्याच्या वर तीन तोंडांच्या कुत्र्याचं चित्र असलेला. त्याच्या ठेक्यावर कोबीची पानं चिरली की सुपात केसासारखी बारीक पडतात. दोनदा बोट कापलं आहे, तरी पाचवा. ग्रीकांचा, घंटा आणि पाद्र्यांच्या आवाजातल्या मंत्रांचा, चौथा. हा मी लावला की दियोलिंदा खिडकी आपटून बंद करायची. मागच्या रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून कोणती चाल गुणगुणत होती, विचार तिला. हे ती लिहीत नाही म्हणते. लिही म्हटलं तर लिही, तुझ्या बापाचं काय जातं!

तिसरा म्हणजे तो संथ, इतका संथ की एक सूर सुरू झाल्यावर मी कोंबड्यांना दाणे टाकून येते तरी तोच सूर चालू असतो. एरवी मी त्याला सहाव्याच्या वर आणला नसता. पण इस्पितळात डोक्याचे फोटो काढायला मला एका बोगद्यात घातलं. नाकापुढे छत, हात अंगाला चिकटलेले. जिवंतपणी शवपेटीत घातल्यासारखं वाटलं आणि माझी पाचावर धारण बसली. मी ओरडणारच होते, इतक्यात ते मशीन सुरू झालं. घण, घण, घण, मग लांबलचक गुरगुर, पुन्हा घण. मी म्हटलं, अरे, हा तर आपला तिसरा नंबर! मग डोळे मिटून पडून राहिले. बाहेर काढल्यावर तिथल्या मुलीने विचारलं, “आवाजाचा त्रास झाला का, आजी?” आवाजाचा कसला त्रास. तो थांबला तेव्हा झाला. त्या शांततेत मला माझ्याच डोक्यातलं ते अक्रोड ऐकू यायला लागलं.

दुसऱ्या नंबरावर बर्फातली म्हातारी आहे, पाठमोरी, डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली. त्यात गाणारी बाई कुठल्या देशाची, मला अजून कळलेलं नाही, आणि कळून करायचं काय? तुझी आई म्हणायची, “आई, ही बाई एवढी चिडली कशावर?” चिडलेली नाहीच ती. माझ्या धाकट्या भावाला पुरलं तेव्हा आमची आई अशीच ओरडली होती, फक्त गिटार नव्हतं. लोकांनी तिला धरून घरात नेलं, की बघणाऱ्यांना त्रास नको. मी लहान होते. मला वाटलं होतं, असं ओरडायला कुठेतरी जागा पाहिजे. पुढे तू वरच्या खोलीत ती तबकडी लावलीस आणि मी जिन्यात परडी घेऊन खाली बसले. तुला वाटलं, मी आवाज कमी कर म्हणायला आले. मी ऐकायला आले होते.

आणि पहिला. तू कपाळावर हात मारणार, मार. पहिला नंबर आपल्या शेतात, आपल्या जत्रेत उतरवून घेतलेल्या त्या अल्बमाचा. वाजवणारी पोरं काही फार मोठी नाहीत, दुसरं गाणं तर सरळ सरळ घसरलं आहे. पण तिसरं संपतं आणि लोक क्षणभर दम खातात, तेव्हा लांबून एक बाई ओरडते, “सूप संपलं! आता नुसती मक्याची भाकर मिळेल!” ती मी. लबाडी म्हण, पक्षपात म्हण. लोक आपल्यामागे चार ओळी लिहून ठेवतात, सही ठेवतात. मी कुठे काय ठेवलं आहे? या पृथ्वीवर माझं एवढंच बोलणं कोणीतरी नीट जपून ठेवलं आहे. मी उद्या मुकी झाले तरी ती बाई तिथे ओरडत राहील. अलीकडे मी ते तेवढंच लावते, पुन्हा पुन्हा, आणि तिच्याबरोबर म्हणून बघते. अजून जमतं.

राहिला तुझा स्वतःचा अल्बम. ‘लंगडा लांडगा’ यंदा शेवटून पहिला. बकरीने ज्याचं वेष्टण चघळलं त्या अल्बमाच्याही खाली. ढोल गाण्याच्या मागे मागे चालतो, जसा तू शाळेत जाताना माझ्या मागे चालायचास. गिटारचा आवाज डब्यात खडे घातल्यासारखा. तू स्वतः गातोस तेव्हा लांडगा वाटत नाही, सर्दी झालेला पाद्री वाटतो. आणि मधेच ते एक गाणं, जिथे तू ओरडत नाहीस, नुसतं हळू बोलतोस, ते कशासाठी, देव जाणे. मेटलमध्ये कोणी हळू बोलतं का? तिकडे लोकांच्या फरशा बसवतोस तेच बरं. असं माझं प्रामाणिक मत आहे आणि ते दियोलिंदाने जसंच्या तसं लिहिलं आहे. तिला तुझी दया आली. मी म्हटलं, दया नको, शाई घाल.

इकडची बातमी म्हणशील तर दियोलिंदाने माझ्यासाठी नवस बोलला आहे. चर्चच्या पायरीशी मेणाचे अवयव विकतात ना, हात, पाय, गळे, तिथून माझ्यासाठी मेणाचं डोकं आणायला गेली. बायकांची डोकी संपली होती. मग मिशीवाल्या पुरुषाचंच घेऊन आली. “संताला कळेल,” म्हणते. मी म्हटलं, “कळलं तर बरं, नाहीतर तो बिचारा मिशीवाला शोधत गावभर हिंडायचा.” आम्ही दोघी खूप हसलो. मग ते डोकं वेदीवर ठेवायला तिने माझ्या हातात दिलं. ते गार आणि हलकं होतं, आत काहीच नव्हतं. मी ते तसंच तिला परत दिलं, तिलाच ठेवावं लागलं.

आणखी एक. तुझा मित्र इलिडियो भेटला, तोच, ज्याच्या बिनबाह्यांच्या जाकिटावर मी बॅंडांचे कापडी बिल्ले शिवून दिले होते. त्यांवरची तुमच्या त्या बॅंडांची नावं म्हणजे करवंदीची जाळी, नुसते काटे आणि मुळ्या. जगात तेवढीच अक्षरं अशी की ती शिकलेल्यालाही वाचता येत नाहीत, म्हणून मला ती पहिल्यापासून आवडतात. तर इलिडियोने आता मला सांगितलं की पाठीवरचा मोठा बिल्ला मी उलटा शिवला होता. एवढ्या वर्षांत, एवढ्या जत्रांत कोणाच्याही लक्षात आलं नाही, खुद्द त्या बॅंडवाल्याने पाठीवर सही केली तेव्हाही नाही. मी म्हटलं, “दे, उसवून सरळ करते.” तर म्हणाला, “नको आजी, असू दे. ऑपरेशन झाल्यावर कर.” सगळे मला हेच म्हणतात. ऑपरेशन झाल्यावर ये, झाल्यावर खा, झाल्यावर बोलू. जसं काही पलीकडे मीच उभी असणार आहे, ह्याच तोंडाची.

तूही तेच म्हणालास. रविवार उलटून गेल्यावर केव्हातरी तुझा फोन आला. तिकडे पाऊस आहे, कोणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशा निळ्या आहेत, आणि “आजी, ऑपरेशन होऊ दे, मग मी सुट्टी काढून येतो, तुला खरी गरज तेव्हाच लागेल.” किती भराभर बोललास! कुत्र्यासमोरून जाताना माणूस चालतो तसा. मी “हो” म्हटलं, कारण तेवढाच शब्द हाताशी होता.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगते. इस्पितळात डॉक्टर नोएमिया म्हणून एक पोरगी आहे. मी बोलत राहते की नाही, हे बघायला ती त्या दिवशी माझ्या तोंडाशी बसणार आहे. तिने मला चित्रं दाखवली, कंगवा, करवत, छत्री. मला सगळी ओळखू येत होती, पण भीतीने दातखीळ बसली, एक नाव बाहेर येईना. मग तिने चित्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, घरी काय करता, काय ऐकता? मी अल्बमांचे नंबर सांगायला लागले, चाचरत, अडखळत. मधेच ती म्हणाली, “त्या ग्रीकांना खरं तर पहिला नंबर द्यायला हवा.” झालं! मी जी सुटले ती सुटले. ग्रीकांचं काय चुकतं, तिचं काय चुकतं, तिच्या आईबापांनी तिला काय ऐकवून वाढवलं, सगळं काढलं, आणि एक शब्द अडकला नाही. ती टिपून घेत होती. म्हणाली, “एतेल्विनाबाई, तुम्ही घाबरलात की शब्द लपून बसतात आणि भांडायला लागलात की सगळे बाहेर येतात. मी खोटं भांडेन, ते तुम्हाला लगेच कळेल. तुमच्याशी मनापासून भांडणारं कोणी आहे का?” मी म्हटलं, एक आहे, पण तो फरशा बसवतो आणि नंतर येतो म्हणतो. तिने वरपर्यंत जाऊन तुला आत बसवायची परवानगी मिळवली आहे. तुला हिरवा झगा घालतील, टोपी घालतील, माझ्या चेहऱ्याजवळ स्टूल देतील. मध्ये पडदा असतो, तुला डोकं दिसणार नाही, फक्त मी दिसेन. दियोलिंदा तयार आहे, पण ती भांडता भांडता रडते आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागते. म्हणून मी तुझा लांडगा शेवटी टाकला. तुझ्या गाण्याला नावं ठेवली की तुला कुठे झोंबतं ते मला माहीत आहे, मीच वाढवलं आहे तुला. त्याचा खरा नंबर कागदावर मिळणार नाही, तो तिथेच सांगेन. डोकं उघडं असताना माणसाला खोटं बोलता येत नसावं. मला फार भीती वाटते, तेल्मो. तुलाही वाटते, म्हणून तू नंतर येतोस. पण नंतर आलास तर कदाचित मी तुला ओळखेन आणि तुझं नाव काही माझ्या तोंडात नसेल. तेव्हा आधी ये, चांगला चिडून ये, आणि ते हळू बोलायचं गाणं कशासाठी केलंस ते मला तोंडावर सांग. आणि हो, तिकडे नळीत मिळते ती मोहरीची चटणी हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतात. शनिवारी आदेलिनोची व्हॅन तुमच्या गावाहून इकडे निघते, तिच्यात घालून पुढे पाठव, आणि तिखटवालीच पाठव, गोड नको.

तुझीच, अजून तरी सगळे शब्द ताब्यात असलेली,
आजी एतेल्विना